मरणाआधी जोमात येणारी भट्टी

जालन्याच्या एमआयडीसीत रात्री एखाद्या भट्टीपाशी उभं राहिलं की आधी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. समोर कित्येक टन लोखंड पाण्यासारखं हेलकावतंय, त्याच्या उजेडाने पत्र्याचं छप्पर नारिंगी झालंय, आणि जाळ मात्र कुठेच दिसत नाही. कोळसा नाही, तेल नाही, गॅसची ज्वाला नाही. जमिनीतून वर येणारी एक जाड, अखंड गुणगुण तेवढी ऐकू येते. ती विजेची गुणगुण. मायकेल फॅरेडेने १८३१ साली तांब्याच्या वेटोळ्यांशी खेळताना जे पाहिलं, त्यावरच जालन्याच्या सळया वितळतात. वेटोळ्यातून सेकंदाला काहीशे वेळा दिशा बदलणारा प्रवाह धावतो, त्यामुळे आतल्या भंगारातच प्रवाह उठतात, आणि लोखंड स्वतःच्याच अंगातल्या उष्णतेने वितळतं. सोळाशे अंशांच्या वर.

अशाच एका रात्री भट्टी चालवणाऱ्या एका मेल्टरने पॅनेलवरच्या विजेच्या काट्याकडे बोट दाखवून सांगितलं, ‘‘भट्टी आज लईच जोरात चालायलीय. म्हंजे आता हिचं काही खरं न्हाई.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. यंत्र म्हातारं झालं की कुरकुरतं, दम खातं, कमी काम करतं, हे आपण सायकलपासून मिक्सरपर्यंत पाहिलेलं असतं. इथे उलटंच होतं. भट्टी मरायला टेकली की जास्त वीज ओढते, लोखंड लवकर वितळवते, मालकाला आणि मीटरला दोघांनाही खूश करते. त्या काट्याचा अर्थ समजून घेताना मला मेंटेनन्स नावाच्या कामाकडे पहिल्यांदा नीट पाहता आलं. बिघाड येण्याच्या कितीतरी आधी बोलायला लागतो, आणि त्याची भाषा दर यंत्रात वेगळी असते. ती भाषा शिकणं हाच हा धंदा. कारखाने, पाणीपुरवठा, वीजघरं, मोठ्या इमारती यांची देखभाल सांभाळणारी माणसं दिवसभर हेच करत असतात.

आता भट्टीचं ते उलटं वागणं.

तांब्याचं वेटोळं आणि वितळलेलं पोलाद यांच्या मध्ये असतं एक अस्तर, भट्टीच्या भाषेत लायनिंग. जाडी वीतभरही नाही. ते बनतं गारगोटीच्या भुकटीचं. शुद्ध सिलिका, त्यात थोडं बोरिक ॲसिड, याला म्हणतात रॅमिंग मास. अस्तराच्या एका बाजूला सोळाशे अंशांचं पोलाद, दुसऱ्या बाजूला तांबं, जे १०८५ अंशांनाच वितळतं. ते वितळू नये म्हणून वेटोळं पोकळ नळीचं असतं आणि त्या नळीतून सतत पाणी वाहत असतं. म्हणजे वितळलेलं पोलाद आणि पाणी यांच्यात उभी आहे ती एवढीशी वाळू. पोलाद पाण्याला भेटलं तर पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा मागते. मागते म्हणजे त्याच क्षणी घेते. वितळलेलं लोखंड मग माणसांच्या अंगावर येतं.

प्रत्येक हीटबरोबर, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याबरोबर, पोलाद हे अस्तर थोडं थोडं खात जातं. पोलाद वितळवणाऱ्या भट्टीत ते साधारण पंधरा-वीस हीट टिकतं, कधी जास्त, कधी कमी. अस्तर झिजलं की पोलाद वेटोळ्याच्या जवळ सरकतं. अंतर कमी झालं की चुंबकीय क्षेत्राची पकड घट्ट होते आणि वीज अधिक चांगली उतरते. काटा वर चढतो. भट्टी जोमात येते. तो काटा सांगत असतो की भिंत पातळ झाली. बाहेरच्या माणसाला त्यात प्रगती दिसते, मेल्टरला त्यात शेवट दिसतो.

या अस्तराची रचना मला आजही थक्क करते. नवं अस्तर घालताना आधी तळ ठोकून घेतात. मग मधोमध लोखंडी पत्र्याचं पिंप उभं करतात, त्याला फॉर्मर म्हणतात. फॉर्मर आणि वेटोळं यांच्यातल्या फटीत कोरडी भुकटी थराथराने ओतून ठोकतात, हवा काढतात. पाणी अजिबात नाही, कारण ओलावा राहिला तर तोच पुढे घात करतो. मग फॉर्मरमध्ये भंगार भरून कित्येक तास हळूहळू तापवत नेतात. भुकटीचा आतला थर भाजून दगडासारखा होतो, आणि ज्या साच्याने त्याला आकार दिला तो फॉर्मर पहिल्याच हीटमध्ये वितळून पोलादात मिसळून जातो. साचा मालात गेला, आकार मागे राहिला.

पण खरी गंमत त्याच्या मागे आहे. अस्तर पूर्ण जाडीभर भाजत नाहीत, मुद्दाम. आतला थर दगड, मधला अर्धा कच्चा, आणि वेटोळ्याच्या बाजूचा थर तसाच मोकळी भुकटी. आतल्या दगडाला तडा गेला आणि पोलादाची जीभ त्यातून बाहेर निघाली, तर ती या मोकळ्या भुकटीत शिरते. तिच्याच उष्णतेने तिथली भुकटी भाजते, घट्ट होते आणि तिची वाट बंद करते. जखम स्वतःच खपली धरते. मोकळी, न भाजलेली, कच्ची वाळू हीच भट्टीची शेवटची भिंत. घाईघाईत जास्त भाजलेलं अस्तर दिसायला भक्कम असतं आणि तडा गेला की काचेसारखं सरळ पार जातं.

त्यातूनही पोलाद पुढे सरकलंच तर त्याची खबर द्यायला तळातून काही स्टेनलेस तारा वर काढलेल्या असतात. त्या वितळलेल्या पोलादाला स्पर्शून असतात आणि दुसऱ्या टोकाला जमिनीशी, अर्थिंगला, जोडलेल्या असतात. पोलाद वेटोळ्याच्या फार जवळ आलं की वेटोळ्यातला प्रवाह त्यातून जमिनीत झिरपू लागतो आणि भट्टी ट्रिप होते. हा गळतीचा अलार्म कुणी ‘‘उगाच वाजतोय’’ म्हणून बंद करून ठेवला, तर त्याने भट्टीचं बोलणं बंद केलं. मला यापेक्षा मोठा गुन्हा या धंद्यात दिसत नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जुनं अस्तर ब्रेकरने फोडताना आणि नवं ठोकताना जी धूळ उडते ती बारीक सिलिकाची असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला गमछा त्या धुळीला अडवत नाही. भट्टीच्या अस्तराची मोजदाद ठेवणाऱ्या वहीत ते अस्तर घालणाऱ्या माणसांच्या मास्कची आणि छातीच्या तपासणीची नोंद नसेल, तर त्या कारखान्यातली देखभाल अर्धीच आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. पण ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण त्याहून पुष्कळ जुनी, बाजारपेठेच्या दिवसांतली. आज महाराष्ट्रात कुठेही घराचा स्लॅब पडत असला तर त्यातली सळई जालन्याची असण्याचा चांगलाच संभव आहे. कालिका, राजुरी, पोलाद ही नावं सिमेंटच्या दुकानांच्या भिंतींवर रंगवलेली सगळ्यांनी वाचली आहेत. भंगार येतं, वितळतं, त्याचे चौकोनी बिलेट होतात, बिलेट लाल असतानाच रोलिंग मिलमध्ये शिरतात आणि स्टँडमागून स्टँड, म्हणजे रोलरच्या जोडीमागून जोडी, पार करत बारीक होत सळई बाहेर पडते. या साखळीत कुठेही एक कडी थांबली की मागचं लाल लोखंड थांबत नाही. ते येतच राहतं, वेडंवाकडं होऊन हवेत उसळतं, त्याला मिसरोल म्हणतात. म्हणून मिलमध्ये स्टँड फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं बेअरिंग ही सगळ्यांच्या काळजीची वस्तू असते.

त्या बेअरिंगची भाषा निराळी. भट्टी काट्यावर बोलते, बेअरिंग आवाजात.

जुने फिटर हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. मिलच्या त्या गदारोळात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, पण पोलादी दांड्यातून फक्त त्या एका बेअरिंगचा आवाज थेट हाडात उतरतो. सगळे ज्यांना मामा म्हणत अशा एका फिटरने मला तो दांडा हातात दिला. ‘‘ऐका. हे गुळगुळीत हाय न्हवं? आता पलीकडचं ऐका.’’ पलीकडे बारीक वाळू चाळल्यासारखा आवाज होता. ‘‘हे बोलायलंय. अजून टाइम हाय त्याला, पण बोलायलंय.’’

मामांच्या कानाला जे कळत होतं त्यामागचं गणित फार सुंदर आहे. बेअरिंग म्हणजे दोन कड्या आणि मध्ये गोळ्या. आतली कडी दांड्याबरोबर फिरते, बाहेरची स्थिर. गोळ्या दोन्हींच्या मध्ये घरंगळत जातात, म्हणून त्यांचा घोळका दांड्याच्या वेगाने फिरू शकत नाही. ढोबळ हिशेबाने तो दांड्याच्या चार दशांश वेगाने फिरतो. समजा मोटर मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २५. गोळ्यांचा घोळका सेकंदाला १० फेरे घेईल. गोळ्या ८ असतील तर बाहेरच्या कडीवरच्या एखाद्या बारक्या खड्ड्यावरून सेकंदाला ८० वेळा गोळी जाईल आणि ८० वेळा टिचकी बसेल. खड्डा आतल्या कडीवर असेल तर ती कडी घोळक्याच्या पुढे सहा दशांश वेगाने पळत असते, म्हणून टिचक्या होतील १२०.

८० आणि १२०. गाणं शिकलेल्या वाचकाच्या लक्षात आलं असेल. दोनास तीन हे प्रमाण षड्ज आणि पंचमाचं. बेअरिंगच्या बाहेरच्या कडीला जखम झाली तर ती सा लावते, आतल्या कडीला झाली तर पंचम. खऱ्या बेअरिंगमध्ये गोळीचा व्यास आणि कोन बघून हे आकडे थोडे सरकतात, पण हिशेब हाच. आज बेअरिंगच्या घरावर चिकटवलेला नाण्याएवढा सेन्सर त्या सगळ्या गोंगाटातून हे सूर वेगळे काढतो. यंत्र न थांबवता, एकही नट न सैल करता, आतल्या दोन कड्यांपैकी कुठली दुखावली आहे ते बाहेरून सांगता येतं.

आणि हे फार आधी सांगता येतं. कडीच्या पृष्ठभागाखाली केसाहून बारीक तडा जातो तेव्हा माणसाला ऐकू येतच नाही असा उंच आवाज निघतो. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपाशी थांबतो, हा आवाज त्याच्या वर असतो. मग पुष्कळ दिवसांनी ते सा-पंचम मोजता येऊ लागतात. त्याच सुमारास वंगणात चमकणारे लोखंडाचे कण दिसतात. नंतर मामांच्या दांड्याला वाळू ऐकू येते. मग हाताला चटका बसतो. मग वास येतो. मग धूर. ज्याला पहिल्या आवाजापाशी ऐकू आलं त्याच्याकडे महिने आहेत, ज्याला चटका बसल्यावर कळलं त्याच्याकडे तास. देखभालीचं नियोजन म्हणून जे काही म्हणतात ते या दोन टोकांमधल्या वेळेचं नियोजन असतं. या वेळात बेअरिंग मागवायचं, माणसं ठरवायची आणि आठवड्याच्या बंदच्या दिवशी शांतपणे बदलायचं. सगळं धुरापाशी कळलं तर रात्री तीन वाजता फोन, मिळेल त्या भावाने माल, आणि घाईत कुणाचा तरी हात.

ट्रान्सफॉर्मरची भाषा याहून गूढ. तो ना फिरतो ना वाजतो, नुसता गुणगुणत उभा असतो, तेलात बुडालेला. पण आत कुठे ठिणगी पडली की तेलाचे रेणू तुटतात आणि तेलात वायू विरघळतो. नुसता बारीक विद्युतस्राव असेल तर हायड्रोजन, ठिणग्यांचा लखलखाट असेल तर ॲसिटिलीन. वेल्डिंगवाल्याच्या टाकीत असतो तोच ॲसिटिलीन. रक्त तपासावं तसं बाटलीभर तेल प्रयोगशाळेत पाठवतात आणि दहा लाख भागांत चार-दोन भाग ॲसिटिलीन सापडलं तरी अनुभवी माणूस सावध होतो. मॅक्स बुखोल्ट्झ नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९२१ च्या सुमारास असं उपकरण काढलं, ज्यात तेलातून वर येणारे बुडबुडे साचतात आणि फार साचले की घंटा वाजते. शंभर वर्षं झाली, आजही बहुतेक मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या मानेवर तो डबा बसलेला असतो. उपकेंद्रावरून जाताना बघा.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की मग सगळंच सारखं उघडून तपासत राहावं. मलाही तसंच वाटायचं. या विषयातला सगळ्यात मोठा धक्का इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं पाणबुड्या शोधत समुद्रावर घिरट्या घालत. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमान उघडून तपासायचं असा नियम होता. सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी मांडल्या. वॉडिंग्टन मूळचा जीवशास्त्रज्ञ, गर्भ कसा वाढतो याचा अभ्यास करणारा. नोंदींत असं दिसलं की तपासणी झाल्या झाल्या बिघाड एकदम वाढतात आणि मग उड्डाणाचे तास जातील तसे कमी होत जातात. म्हणजे तपासणीच बिघाड घालत होती. कुठे नट अर्धवट आवळलेला, कुठे धूळ शिरलेली, कुठे नव्या भागातच खोट.

पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी विमानाच्या भागांचा मोठा अहवाल लिहिला. त्यात दिसलं की वय झालं म्हणून मोडणारे भाग शंभरात अवघे अकरा. उरलेल्या एकोणनव्वदांच्या बिघाडाचा वयाशी संबंध लागत नाही. आणि अडुसष्ट भाग असे की ते नवे असतानाच जास्त मोडतात, नंतर स्थिरावतात. ठरावीक तासांनी डोळे मिटून भाग बदलणं म्हणजे स्थिरावलेल्या भागाला काढून पुन्हा धोक्याच्या बाळपणात नेऊन बसवणं. आपल्याकडे यासाठी शब्द आधीपासून तयार आहे, चालत्या गाड्याला खीळ.

भट्टीचं अस्तर मात्र त्या अकरांतलं. ते झिजतंच, हीट मोजूनच बदलायचं. बेअरिंग त्या एकोणनव्वदांतलं, त्याला ऐकायचं आणि बोलेपर्यंत हात लावायचा नाही. आणि जिन्यातला दिवा जाईपर्यंत जळू द्यायचा, कारण त्याची वेळापत्रकाने देखभाल करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कुठल्या यंत्राला यातली कुठली वागणूक द्यायची हे ठरवणं, माझ्या मते, या कामातला सगळ्यात बुद्धीचा भाग आहे. पाना फिरवणं त्याच्या नंतर येतं.

ग्रीसचंच बघा. पोळ्याच्या आदल्या दिवशी मराठवाड्यात बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेले खांदे लोण्या-तुपाने, हळदीने चोळायचे. खांदा चोळताना हाताला गाठ लागते, सूज कळते, कातडी कुठे सोलवटली ते दिसतं. मिलमधलं ग्रीसिंग त्याच जातीचं काम आहे. पण बेअरिंगला ग्रीस जास्त झालं तर गोळ्या त्यातच घुसळत राहतात आणि बेअरिंग तापतं. ‘‘दोन पंप जादाचे मार’’ या मायेने कितीतरी बेअरिंगं मेली आहेत. म्हणून हल्ली काही ठिकाणी ग्रीस भरताना बेअरिंगचा तो न ऐकू येणारा आवाज यंत्रावर ऐकतात, आणि आवाज उतरला की हात थांबवतात.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. झेंडू लावायच्या आधी यंत्र पुसावं लागतं, अगदी खालपर्यंत, एरवी कुणाचा हात जात नाही तिथपर्यंत. पुसता पुसता कुठे तेल झिरपलेलं दिसतं, कुठे फाउंडेशन बोल्टपाशी केसभर फट. जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी १९७१ च्या आसपास टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) ही पद्धत उभी केली. यंत्र चालवणाऱ्यानेच ते रोज पुसायचं, कारण पुसणं हीच तपासणी, हा तिच्या मुळाशी असलेला विचार. तो वाचताना मला दसऱ्याची सकाळ आठवली. वर्षातून एकदा होणारं ते काम त्यांनी रोजचं केलं.

काही यंत्रं अशी की ती बोलतच नाहीत, कारण ती चालतच नाहीत. मोठ्या इमारतीच्या तळघरातला आगीचा पंप. रुग्णालयाचा जनरेटर. भट्टीच्या वर उंचावर ठेवलेली पाण्याची टाकी, जी वीज गेली तर पंपाशिवाय, नुसत्या उताराने वेटोळ्यात पाणी सोडते आणि तांबं वाचवते. यांचं मरण कुणालाच दिसत नाही. गरज पडते त्या रात्रीच कळतं की बॅटरी कधीच उतरली होती, व्हॉल्व्ह गंजून अडकला होता. अशांना दर आठवड्याला मुद्दाम चालवून बघणं हाच एक उपाय. त्यातही एक विलक्षण गोष्ट. शेजारी दुसरा पंप धडधडत असेल तर थांबलेल्या पंपाचं बेअरिंग झिजतं. जमिनीतून येणाऱ्या थरथरीने गोळ्या एकाच जागी टोचत राहतात आणि कडीवर खळगे पडतात. न वापरता झिजणं. म्हणून जाणते लोक राखीव मोटरचा दांडाही अधूनमधून हाताने फिरवून ठेवतात, गोळ्यांना कूस बदलायला लावतात.

जालन्याची दुसरी ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या शीतगोदामात देखभालीचा हिशेब फारच निराळ्या चलनात होतो. बियाण्यांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांचा जुना ठोकताळा आहे: बियाण्यातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य दुप्पट होतं, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. आता तो उलटा वाचा. कॉम्प्रेसर बंद पडला, गोदाम दहा अंशांनी तापलं, तर पोत्यातलं बी चौपट वेगाने म्हातारं होऊ लागतं. दिसायला काहीच बदलत नाही. वास नाही, डाग नाही. जूनमध्ये कुणा शेतकऱ्याच्या सरीत ते उगवत नाही तेव्हा गोदामातली ती रात्र समोर येते.

पाण्याच्या बाबतीत जालना पोळलेलं शहर आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात पाण्यासाठी लागलेल्या रांगा इथल्या लोकांच्या डोळ्यांपुढून जात नाहीत. आज शहरासाठी जायकवाडीचं पाणी लांबून पंपाने उपसून आणावं लागतं. पंप, मोटर, व्हॉल्व्ह, वीज, प्रत्येक सांध्यावर देखभाल. याउलट कुंडलिकेवरचा घाणेवाडी तलाव निजामाच्या काळातला, आणि त्याचं पाणी आपल्या उतारानेच शहराकडे येतं. त्यात फिरणारा भाग एकच, पाणी. मग तिथे बिघाड कुठला? गाळ. दर पावसाळ्यात काळी माती वाहून येते, तळ वर येतो, आणि तलाव भरलेला दिसूनही त्यात पाणी कमी मावतं. भट्टीसारखाच बाहेरून कळू न देणारा ऱ्हास. इथल्या नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा करून तो गाळ काढायला घेतला आणि तो शेतकऱ्यांच्या रानात गेला. जालन्यातलं सगळ्यात मोठं मेंटेनन्सचं काम कुठलं असं मला विचारलं, तर मी कुठल्याही मिलच्या आधी या तलावाचं नाव घेईन.

आता पैशाचं. हे काम आता पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या कंत्राटदारांकडे असतं, वर्षाच्या करारावर. करारात एक जागा बारकाईने वाचण्यासारखी असते: पैसे कशाचे? दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीचे पैसे असतील, तर बिघाड झाला की कंत्राटदाराची चूल पेटते. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याची गरज आणि कारखान्याची गरज एकमेकांकडे पाठ करून उभ्या राहतात. ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने १९६२ साली विमानाच्या व्हायपर इंजिनासाठी वेगळा करार काढला: इंजिन जितके तास उडेल तितक्या तासांचे पैसे, दुरुस्ती आमची. इंजिन उडत राहण्यात दोघांचंही हित एक झालं. हीच रीत पाण्याच्या पंपांना, लिफ्टना, कॉम्प्रेसरना का लावू नये? मला वाटतं नगरांच्या पाणीपुरवठ्याला तर ती आधी लावावी.

आणि वही. संगणक असो की कोपरे मळलेलं लॉगबुक, यंत्राने काय म्हटलं ते कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. मामांच्या कानात तीस-पस्तीस वर्षांचे आवाज आहेत. आयटीआयमधून परवा आलेल्या पोराकडे सेन्सर आहे, पण कुठल्या गिअरबॉक्सची कुठली कुरकुर निरुपद्रवी आणि कुठली नाही, हे त्याला मामांकडूनच कळणार. ‘‘नुसतं ‘ओके’ नको लिहू,’’ मामा त्याला सांगत होते. ‘‘काय ऐकलं ते लिही.’’ पोराने विचार करून लिहिलं: ‘दोन नंबर स्टँड, वाळूचा आवाज, कालच्यापेक्षा जरा मोठा.’

पहाटे त्या भट्टीची शेवटची हीट ओतून झाली. मेल्टरने वहीत आकडा लिहिला आणि वीज शेजारच्या भट्टीला दिली. जुनी गार व्हायला सोडली, मग तिचं अस्तर फोडलं, नवा फॉर्मर उभा राहिला, भुकटीची पोती फुटली, थरावर थर ठोकले गेले. दुसऱ्या रात्री तिला हळूहळू, अतिशय हळूहळू तापवायला घेतलं. पहिलं भंगार बसलं, फॉर्मर आतल्या आत विरघळला. मेल्टर पॅनेलसमोर उभा राहून काटा पाहत होता. काटा बराच खाली होता. भट्टी संथ झाली होती, वीज कमी घेत होती, लोखंड वितळायला वेळ लावत होती. त्याने स्टूल ओढलं आणि चहा मागवला.